ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा नवा कायदा

१.
१ जुलै २०२४ पासून देशात तीन नवे फौजदारी कायदे लागू आहेत. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने ते मंजूर केले, तेव्हा विरोधी पक्षांचे शंभराहून अधिक खासदार निलंबित होते. माणसाच्या स्वातंत्र्याशी थेट संबंध असलेल्या कायद्यावर कलमवार खडाजंगी व्हायला हवी होती, ती झाली नाही. तिथे जे प्रश्न विचारले गेले नाहीत, ते आता पोलीस ठाण्यात, भोईवाड्याच्या आणि गिरगावच्या कोर्टात आणि आर्थर रोड तुरुंगाच्या दारात विचारले जात आहेत.

बरीचशी कलमं जुनीच आहेत, फक्त क्रमांक बदललेत. मुंबईपुरता एक बदल लक्षात ठेवावा: महानगर दंडाधिकारी हे पद नव्या संहितेत नाही, त्यांच्या जागी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आले. आणि १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते, म्हणून वकिलांच्या हातात अजून बरीच वर्षं दोन्ही पुस्तकं राहणार.

माझं म्हणणं एकच आहे. या कायद्यांनी पोलिसांना काही अधिकार दिले आणि नागरिकांना काही हक्क. अधिकार पहिल्या दिवसापासून वापरात आले. हक्क मात्र मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि मागायचे तर ते आधी माहीत असायला हवेत.

२.
सुरुवात तक्रारीपासून करू, कारण सामान्य माणसाचा फौजदारी कायद्याशी पहिला संबंध बहुधा तिथेच येतो.

अनंत चतुर्दशीला लालबागहून निघालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीला लागते. भारतमातापाशी खिशात असलेला फोन ऑपेरा हाऊसला पोहोचेपर्यंत गेलेला असतो. भायखळ्याला गेला, नागपाड्याला, की सी. पी. टँकला? त्या गर्दीत कोणालाच सांगता येत नाही. मिरवणुकीच्या वाटेवर ठाण्यांच्या हद्दी एकामागून एक बदलत जातात. अशा माणसाला आजवर ठरलेलं उत्तर मिळायचं: "आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा." नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हे उत्तर बंद केलं आहे. दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, समोर येईल त्या ठाण्याने तो नोंदवायचा आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ही पद्धत पूर्वीही होती, पण ती परिपत्रकांच्या आणि निकालांच्या आधारावर चालायची. आता ती कायद्याच्या मजकुरात आहे. तक्रार ऑनलाइन पाठवता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, आणि कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत त्याला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

दुसरं ठरलेलं उत्तर अजून बंद झालेलं नाही. "चोरीला गेला कशावरून? पडला असेल. गहाळ लिहा." गहाळ लिहिलं की नवं सिमकार्ड काढायला कागद मिळतो आणि माणूस घरी जातो. पण गुन्हा दाखल होत नाही, त्यामुळे तपास होत नाही, आणि वर्षाच्या आकडेवारीत ती चोरी दिसतही नाही. म्हणून अर्ज स्वतःच्या हाताने लिहा आणि त्यात "चोरीला गेला" हे शब्द लिहा. खिसा कापलेला असेल, पर्सची चेन उघडी सापडली असेल, कोणी धक्का दिला असेल, तर तेही लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.

आता नव्या कायद्याच्या पोटात लपलेल्या दोन गोष्टी. न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीत, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. या विचाराशी मी पूर्ण सहमत आहे. विशीतला पोरगा एका फोनसाठी आत गेला तर तो काय शिकून बाहेर येतो हे आपल्या वस्त्यांनी पाहिलं आहे. पण त्यासोबत नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत अशी चोरी अदखलपात्र ठरवली आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासच करू शकत नाहीत. चोर पहिल्यांदा चोरी करतोय की दहाव्यांदा, हे त्याला पकडल्यावर कळणार, आणि पकडण्यासाठी तर आधी तपास हवा. चोराला दाखवलेली सवलत अशी तक्रारदाराच्या माथी मारली गेली. वीस हजारांचा फोन गेला तर गुन्हा, आणि दादरच्या फुलबाजारात गजरे विकणाऱ्या बाईचा चार हजारांचा जुना फोन गेला तर नुसती नोंद. तिचा सगळा धंदा, गिऱ्हाईकं, पैसे घेण्याचा क्यूआर कोड त्याच फोनवर चालतो. तिचं नुकसान पहिल्यापेक्षा कमी कसं?

दुसरी गोष्ट कलम १७३ चं तिसरं पोटकलम. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत ठाण्याला वरिष्ठांच्या परवानगीने, आपल्याकडे सहायक पोलीस आयुक्तांच्या, चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते, आणि त्यानंतर गुन्हा दाखल करायचा की नाही ते ठरवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं होतं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर झालाच पाहिजे. मोजके अपवाद सोडले तर चौकशीची सबब चालणार नाही. साध्या चोरीची कमाल शिक्षा बरोबर तीन वर्षं आहे, म्हणजे ती नेमकी या चौदा दिवसांच्या कक्षेत येते. चोरीच्या फोनचे चौदा दिवसांत सुटे भाग झालेले असतात. बोलण्या-लिहिण्यावरून दाखल होणाऱ्या गुन्ह्यांत मात्र हीच चौकशी नागरिकाचं संरक्षण करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये म्हटलं, आणि ते पटण्यासारखं आहे. एकच पोटकलम कुठे तक्रारदाराला अडवतं, कुठे आरोपीला वाचवतं. ते कुठे वापरायचं याचे लेखी निकष पोलीस आयुक्तालयाने जाहीर केले पाहिजेत.

ठाण्याने तक्रार नाकारली तर तिचा मजकूर टपालाने परिमंडळाच्या उपायुक्तांना पाठवायचा, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. हा रस्ता जुनाच आहे, पण फार थोडे लोक तो वापरतात.

३.
चाळीत राहिलेल्या माणसाला एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, काय असते हे समजावून सांगावं लागत नाही. नळावरून, गॅलरीत ठेवलेल्या सामानावरून, पागडीच्या खोलीवरून भांडण होतं, शिवीगाळ होते, एखादी थप्पड बसते, आणि दोन्ही बाजू ठाण्यात जाऊन एनसी देऊन येतात. तिथे विषय थांबतो. पुढे त्याच भांडणातून डोकं फुटलं की सगळे म्हणतात, आधी पाच एनसी झाल्या होत्या.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये यावर एक छोटी, पण कामाची तरतूद आली आहे. अदखलपात्र प्रकरणांच्या नोंदींचा अहवाल दर पंधरा दिवसांनी दंडाधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. हा अहवाल कोणी खरोखर वाचला तर नवऱ्याविरुद्ध, पुनर्विकासासाठी खोली खाली करायला धमकावणाऱ्यांविरुद्ध, त्याच त्या माणसाविरुद्ध वारंवार होणाऱ्या नोंदी न्यायालयाला वेळेत दिसतील. वाचला गेला नाही तर आणखी एक फाइल वाढेल. म्हणून एनसी देताना आधीच्या एनसींचे क्रमांक आणि तारखा नव्या नोंदीत लिहून घ्या. कागदावर साखळी दिसली पाहिजे.

४.
गिरगावात एकटे राहणारे वृद्ध बरेच आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. साठीच्या वरच्या माणसाला, आजारी किंवा अपंग व्यक्तीला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं (कलम १७९). स्वतःहून जायची तयारी असेल तर जाता येतं. आणि तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या वरच्या किंवा अशक्त माणसाला सहायक आयुक्तांच्या परवानगीविना अटक करता येत नाही (कलम ३५). फोनवरून "डिजिटल अटक" करतो म्हणून म्हाताऱ्यांची आयुष्याची पुंजी लुटली जाते. तशी अटक कोणत्याही कायद्यात नाही, जुन्या नाही आणि नव्याही नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात छापून प्रत्येक इमारतीच्या जिन्यात लावावं.

५.
झडतीचं दृकश्राव्य चित्रीकरण ही मला या कायद्यांतली सर्वांत चांगली सुधारणा वाटते. कलम १०५ प्रमाणे झडती, जप्ती आणि जप्त वस्तूंची यादी करून त्यावर सह्या होईपर्यंतची सगळी प्रक्रिया चित्रित करायची, त्यासाठी मोबाइल चालतो, आणि ते चित्रीकरण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं.

दहा बाय बाराच्या खोलीत झडती होते तेव्हा काय होतं? घरातल्या बायकांना गॅलरीत उभं करतात. कपाट, पलंगाखालच्या पेट्या, माळ्यावरचे डबे खाली येतात. शेजारच्या दोघांना पंच म्हणून हाक मारतात. शेजाऱ्यांपैकी कोणाला कोर्टाच्या तारखा नको असतात, कोणाला पोलिसांशी वाकडं नको असतं, म्हणून दारं बंद होतात. मग कुठूनतरी आणलेल्या पंचांची पंचनाम्यावर सही होते, आणि दहा वर्षांनी खटला उभा राहिला की तोच पंच "मला आठवत नाही" म्हणतो. यात खरा गुन्हेगारही सुटतो आणि निरपराध माणूसही अडकतो. म्हणून चित्रीकरण दोन्ही बाजूंच्या हिताचं आहे. घरच्यांनी एवढंच विचारावं: चित्रीकरण चालू आहे का, आणि माळ्यावरून काढलेली पिशवी उघडताना कॅमेरा तिच्यावर आहे का? चित्रीकरण नसेल तर वकिलाने पहिल्याच रिमांडला हे न्यायालयाच्या नोंदीवर आणावं.

सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं असंही कायदा म्हणतो, पण त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेवर आजच किती भार आहे हे अहवालाची वाट पाहणाऱ्या प्रत्येक वकिलाला माहीत आहे. माणसं भरली नाहीत तर हे कलम नावापुरतंच राहील.

६.
आता पोलीस कोठडी. जुन्या कायद्यात पोलीस कोठडी अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच मिळायची, सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये अनुपम कुलकर्णी प्रकरणात हे पक्कं केलं होतं. नव्या कलम १८७ प्रमाणे ते पंधरा दिवस तुकड्यातुकड्यांनी, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत केव्हाही घेता येतात.

एकूण दिवस तेवढेच, मग बिघडलं काय, असं विचारलं जातं. बिघडतं ते असं. पंधरा दिवसांनी माणूस न्यायालयीन कोठडीत गेला की त्याला मारहाणीची भीती उरत नसे, घरचे जामिनाच्या तयारीला लागत. आता दोन महिन्यांपर्यंत त्याला परत ठाण्यात नेलं जाण्याची टांगती तलवार आहे. सरकारी वकील म्हणू शकतात, कोठडीचे सहा दिवस शिल्लक आहेत, जामीन देऊ नका. रोजंदारीवरचा माणूस दोन महिने कामावर गेला नाही तर काम जातं, भाडं थकतं.

याच संहितेतल्या कलम ४८० मध्ये यावर उतारा आहे. पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडी लागेल, एवढ्याच कारणावरून जामीन नाकारता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. ही ओळ भोईवाड्याला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक वकिलाने तोंडपाठ करावी, आणि आरोपीच्या आईने ती वकिलाला विचारावी.

७.
आर्थर रोडच्या मध्यवर्ती कारागृहाची मंजूर क्षमता हजाराच्या आत, आणि कैदी वर्षानुवर्षं तीन हजारांच्या आसपास किंवा वर. देशभर दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही.

कलम ४७९ ने पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. मुदत भरली की न्यायालयाला लेखी कळवणं ही तुरुंग अधीक्षकाची जबाबदारी आहे. २३ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या कैद्यांनाही लागू केलं. इथवर मनापासून स्वागत.

पण त्याच कलमात पुढे लिहिलं आहे की एकापेक्षा जास्त गुन्ह्यांत किंवा प्रकरणांत चौकशी वा खटला चालू असेल तर ही सवलत नाही. एका भांडणाच्या एफआयआरमध्ये मारहाण, शिवीगाळ, धमकी अशी तीन कलमं सहज लागतात. हा "एकापेक्षा जास्त गुन्हा" धरायचा का? धरला तर सवलतीला पात्र किती जण उरतील? मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, हे समजू शकतो. हे दुसरं बंधन समजत नाही. ते काढून टाकण्याची दुरुस्ती महाराष्ट्राच्या खासदारांनी संसदेत मांडावी.

आणि जामीन मिळाला तरी सुटका होतेच असं नाही. जामीनदार हवा, त्याचं रेशनकार्ड, भाड्याची पावती, पगाराची स्लिप हवी. फुटपाथवर झोपणाऱ्या हमालाला असा जामीनदार कुठून मिळणार? ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की महिनाभरात जामिनाची पूर्तता झाली नाही तर न्यायालयाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. कोठडीतल्या कोणालाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी साधा अर्ज पुरतो.

८.
संघटित माणसाचं ऐकलं जातं, हे याच कायद्यांनी दाखवलं. न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये जीवघेणा अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जानेवारी २०२४ पासून ट्रक-टँकरचालकांनी संप केला, मुंबईत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने चर्चेचं आश्वासन दिलं. १ जुलैला बाकी संहिता लागू झाली, ते पोटकलम वगळून. चालकांची भीती खरी होती, जमाव मारेल म्हणून ते पळतात. पण कच्च्या कैद्यांची संघटना नसते, चार हजारांचा फोन गेलेल्यांचीही नसते.

९.
न्याय संहितेत एक जागा रिकामी आहे. जुन्या कलम ३७७ मधला संमतीच्या संबंधांचा भाग सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला, पण जबरदस्तीचा भाग शिल्लक ठेवला होता. नव्या संहितेत ते कलमच नाही, आणि बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच आहे. अठरा वर्षांवरच्या मुलावर, पुरुषावर वा तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला तर दुखापत, डांबून ठेवणं अशा कलमांवर भागवावं लागतं. संसदेच्या स्थायी समितीने ही तरतूद ठेवा असं सुचवलं होतं. ते ऐकलं गेलं नाही, हा अन्याय आहे.

१०.
राजद्रोहाच्या कलमाचा इतिहास आपल्या गल्ल्यांत घडला आहे. २४ जून १९०८ ला टिळकांना मुंबईत अटक झाली, २२ जुलैला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांनी ज्युरीच्या सात विरुद्ध दोन अशा कौलावर त्यांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. दुसऱ्या दिवसापासून गिरण्या बंद झाल्या, शिक्षेच्या दर वर्षासाठी एक दिवस, असे सहा दिवस. गोळीबार झाला, कामगार मेले. वर्तमानपत्रातल्या लेखांवरून झालेल्या शिक्षेविरुद्ध गिरणगाव रस्त्यावर आलं होतं.

ते कलम १२४-अ सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित ठेवलं होतं. नव्या संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे: देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणारी कृत्यं, शब्दांनी, चिन्हांनी, इलेक्ट्रॉनिक माध्यमाने किंवा पैशाने केलेली. पूर्वी जन्मठेप किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होती, आता जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत. फुटीरतेला खरोखर चिथावणी देणाऱ्याला शिक्षा व्हावी, याबद्दल वाद नाही. पण "फुटीरतेच्या भावनांना प्रोत्साहन" या शब्दांची कड कुठे संपते हे कायदा सांगत नाही, आणि व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेला मजकूरही त्यात ओढता येईल.

कलम २२६ त्याहून जवळचं आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं कलम ३०९ काढलं, चांगलं झालं. पण सरकारी सेवकाला त्याच्या कामासाठी भाग पाडण्याच्या किंवा त्यापासून रोखण्याच्या हेतूने केलेला आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवला: एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. आमरण उपोषण यात बसवायचं का? इरोम शर्मिला यांना उपोषणासाठी कलम ३०९ खाली वर्षानुवर्षं ताब्यात ठेवलं गेलं होतं, त्यामुळे ही शंका हवेतली नाही. घरांसाठी झगडणारे गिरणी कामगार म्हातारे झाले आहेत, त्यांच्या हातात उपोषणाखेरीज फार काही उरलेलं नाही. शांततामय उपोषणाला हे कलम लागणार नाही, असं परिपत्रक राज्याच्या गृहखात्याने काढावं.

११.
मागण्या मांडतो. प्रत्येक ठाण्यात, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर, मराठीत फलक हवा: झिरो एफआयआर, फुकट प्रत, नव्वद दिवसांत माहिती, घरी जबाब, झडतीचं चित्रीकरण. अटक झालेल्यांची नावं ठाण्यात ठळकपणे लावा असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ म्हणतं. त्याचा उपयोग मुलगा कुठल्या ठाण्यात आहे हे शोधणाऱ्या बापाला व्हावा, दोषी न ठरलेल्याची बदनामी करायला नको. त्यासाठी चोवीस तास चालणारा चौकशीचा एक फोन फलकापेक्षा बरा.

दुसरी मागणी मंडळांकडे. लालबाग-परळची मंडळं रक्तदान, आरोग्य शिबिरं भरवतात. २०२० मध्ये लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीऐवजी आरोग्योत्सवच केला होता. त्याच धर्तीवर दहा दिवस मंडपाशेजारी एक कायदा टेबल लावा. विधी महाविद्यालयातली पोरं, दोन वकील, एखादा निवृत्त फौजदार. टेबलावर मराठी छापील अर्ज ठेवा, ज्यात चोरीची वेळ, शेवटचं आठवणारं ठिकाण, फोनचा आयएमईआय क्रमांक, खरेदीची किंमत, बिल असल्यास त्याची झेरॉक्स आणि तळाशी पोच घेण्याची जागा असेल. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीही हे टेबल चालू राहावं, आणि किती अर्ज भरले, त्यांतल्या किती जणांचा एफआयआर झाला, याचा हिशोब मंडळाने महिन्याभरात फलकावर लावावा.